अभिवादन, नाव आणि पत्ता : ई-मेलच्या सर्व्हर-अभिवादनाचा इतिहास आणि बीड जिल्ह्यातील एक अनुभव

सारांश

ई-मेल पाठवताना पाठवणारे यंत्र आणि स्वीकारणारा सर्व्हर यांच्यात प्रथम अभिवादनाची देवघेव होते. इ. स. १९८२ मध्ये ठरलेला हा संकेत आजही वापरात आहे. इंटरनेटची पत्तापद्धती बदलू लागल्यानंतर या अभिवादनात दोष निर्माण होऊ लागले. प्रस्तुत निबंधात या संकेताचा इतिहास मांडला आहे. बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन अनुभवाच्या आधारे दोषशोधनाकडे इतिहासाच्या साधनचिकित्सेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्नही केला आहे. पत्ता म्हणजे ओळख नव्हे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ई-मेल, अभिवादन, आयपीव्ही ४, आयपीव्ही ६, साधनचिकित्सा, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत मायन्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. पत्र कोणी कोणास लिहिले, दोघांचे परस्परांशी नाते काय, मान कोणाचा मोठा, हे सर्व मजकुराआधी मायन्यातून स्पष्ट होत असे. मोडी कागदपत्रे वाचणारा अभ्यासक म्हणूनच प्रथम मायन्याकडे पाहतो. ई-मेलचाही असा एक मायना आहे. तो पत्राच्या मजकुरात दिसत नाही आणि वाचकापर्यंत सहसा पोहोचतही नाही. दोन यंत्रे परस्परांशी तो बोलतात आणि त्यावर पत्र पुढे जाणार की नाही हे ठरते. ‘नमनाला घडाभर तेल’ असे आपण म्हणतो. येथे मात्र नमन चुकले तर पुढचा खेळच होत नाही.

या लेखनाला एक प्रसंग निमित्त झाला. बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी अंतर्गत गुणांचे तक्ते ई-मेलने पाठवण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी ब्रॉडबँड सेवा बंद पडली. कार्यालयातील लिपिकाने संगणक मोबाईल फोनच्या इंटरनेटला जोडला. संकेतस्थळे व्यवस्थित उघडत होती, आलेली पत्रेही दिसत होती. परंतु नवे पत्र जात नव्हते. प्रत्येक वेळी पडद्यावर ५०१ या क्रमांकाचा दोषसंदेश येई. प्राप्तकर्त्याचा पत्ता तपासला, परवलीचा शब्द दोनदा बदलला, ई-मेल प्रोग्रॅम पुन्हा बसवला. रात्री ब्रॉडबँड सुरू झाले आणि तेच पत्र त्याच संगणकावरून विनातक्रार गेले. मुदत मात्र टळली होती. काही विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवले गेले. त्यांत ऊसतोड कामगारांची मुलेही होती, आणि गुणपत्रकाशिवाय त्यांचे पुढील प्रवेश अडले. प्रस्तुत लेखक त्या वेळी कार्यालयात उपस्थित होता. दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) ई-मेलमधील अभिवादनाच्या संकेताचा विकास मांडणे. (२) पत्तापद्धतीतील स्थित्यंतराचा या संकेतावर झालेला परिणाम स्पष्ट करणे. (३) दोषशोधनाची इतिहासाभ्यासकास परिचित अशी रीत सुचवणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात. हे दस्तऐवज येथे प्राथमिक साधने म्हणून वापरले आहेत.

३. पत्ता बदलतो तेव्हा : स्थानिक पार्श्वभूमी

पत्तापद्धती बदलण्याचा अनुभव बीड जिल्ह्यास नवा नाही. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. संस्थानी टपाल १ एप्रिल १९५० रोजी भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. एका पिढीच्या हयातीत पाकिटावरील राज्याचे नाव असे वारंवार बदलले. निजामी राजवटीत आंबेजोगाईचे नाव मोमिनाबाद असे होते. गाव तेच, वाडे तेच, माणसेही तीच. बदलले ते केवळ नाव. अशा काळात जुन्या नावाचे पत्रही मुक्कामी पोहोचते, कारण पोस्टमनला गाव ठाऊक असते. संधिकालात व्यवस्था तगते ती नियमांबरोबरच अशा जाणत्या माणसांच्या सहिष्णुतेवर.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा व लिप्या, ही अडचण सहा अंकांनी दूर केली. पिंपळगाव, वडगाव, टाकळी अशी नावे मराठवाड्यात किती आहेत हे सर्वांस ठाऊक आहे. बीडचा ४३११२२ हा क्रमांक मात्र एकच. पिनकोडने गावाचे नाव पुसले नाही. नाव माणसांसाठी राहिले आणि क्रमांक वर्गवारीसाठी आला. नाव व क्रमांक यांचे हे सहजीवन पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

४. अभिवादनाचा उगम व विकास

४.१ विश्वासाचा काळ : ई-मेलचा आरंभ १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर केला. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे सोपवावे याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ मध्ये स्थिरावले. या नियमांतील आज्ञा चार अक्षरांच्या आहेत. म्हणूनच इंग्रजी ‘हॅलो’मधील एक अक्षर गळून आज्ञा ‘हेलो’ झाली. सर्व्हर प्रथम २२० हा क्रमांक देऊन स्वतःचे नाव सांगतो. समोरचे यंत्र ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते. सर्व्हर २५० हा क्रमांक देऊन ते मान्य करतो आणि त्यानंतर पत्राची देवघेव सुरू होते.

त्या वेळी जाळ्यावर काही शेच यंत्रे होती आणि ती चालवणारे बहुतेक एकमेकांस ओळखत. सांगितलेले नाव खरे की खोटे हे तपासण्याची गरज कोणास वाटली नाही. स्वतः पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे, हे पोस्टेल यांचेच सूत्र त्या काळाचा स्वभाव सांगते. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये तर स्पष्ट नियम केला गेला. अभिवादनातील नाव पत्त्याशी जुळते का हे सर्व्हरने हवे तर पडताळावे. परंतु जुळले नाही एवढ्यावरून पत्र नाकारू नये.

४.२ विस्तारित अभिवादन : फेब्रुवारी १९९३ मध्ये आरएफसी १४२५ ने ‘ईएचएलओ’ हे विस्तारित अभिवादन आणले. त्याच्या उत्तरात सर्व्हर आपल्या वाढीव क्षमतांची यादी देतो. जुन्या सर्व्हरला हे अभिवादन न कळल्यास पाठवणाऱ्याने पुन्हा ‘हेलो’ म्हणावे, अशी सोयही ठेवली गेली. नव्याने जुन्याची भाषा विसरू नये हा विवेक त्यामागे होता.

४.३ भारतातील व जिल्ह्यातील आगमन : भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात आयआयटी संस्थांसमवेत मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता, आणि डॉ. एस. रमणी यांचे तेथील कार्य सर्वश्रुत आहे. त्याच दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेटने उपग्रहाद्वारे जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत नेला. आपल्या पिढीतील अनेक प्राध्यापकांनी पहिला ई-मेल अशाच एखाद्या केंद्रात पाठवला असेल. तो बहुधा ब्राउझरमधून गेला आणि त्याचे अभिवादन दूरच्या सर्व्हरने परस्पर उरकले. संगणकावरील स्वतंत्र ई-मेल प्रोग्रॅम मात्र हे अभिवादन स्वतः करतो. म्हणूनच त्यातील दोष महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रकट होतो.

५. नवी पत्तापद्धती आणि अभिवादनातील पेच

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने स्वीकारलेल्या आयपीव्ही ४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते मिळतात. ही संख्या अपुरी पडणार हे ओळखून डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही ६ पद्धतीचा पहिला मसुदा आरएफसी १८८३ म्हणून प्रसिद्ध झाला. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा असून पत्त्यांची एकूण संख्या ३९ अंकी होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त वाटपाचा साठा आटला. भारताच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्येच नव्या पद्धतीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला होता. त्याची दुसरी आवृत्ती मार्च २०१३ मध्ये आली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि नवी पद्धती खेड्यापाड्यांतील मोबाईलवर पोहोचली. स्थिर ब्रॉडबँड जुन्या पत्त्यावर आणि हातातील फोन नव्या पत्त्यावर, असे चित्र ग्रामीण भागात दिसू लागले.

आता अभिवादनाकडे वळू. सर्व्हरला स्वतःचे नोंदणीकृत नाव असते. कार्यालयातील संगणकाला ते नसते. म्हणून ई-मेल प्रोग्रॅम नावाऐवजी आपला पत्ता चौकटी कंसात सांगतो. जुन्या पद्धतीत तो [१९२.१६८.१.१०] अशा स्वरूपाचा असे. नव्या पद्धतीचा पत्ता कसा लिहावा हे एप्रिल २००१ मधील आरएफसी २८२१ ने ठरवले. कंसात प्रथम ‘आयपीव्ही६:’ अशी खूण लिहावयाची आणि मग विसर्गचिन्हांनी विभागलेला पत्ता लिहावयाचा. चार आकडे व तीन टिंबे एवढीच रचना ओळखणाऱ्या जुन्या प्रणालीपुढे हे अक्षरशः परभाषेतील वाक्य होते.

यातील एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराचे आहेत. ते घरोघरी व कार्यालयोकार्यालयी तेच असतात. बाहेरच्या जगात त्यांना पत्ता म्हणून काही अर्थ नाही. तरीही असे निरर्थक अभिवादन सर्व्हर वर्षानुवर्षे निमूटपणे स्वीकारत आले. नव्या पद्धतीत संगणकाला जगात एकमेव असा पत्ता मिळतो आणि अभिवादनात तो खरेच बोलतो. खरे बोलणाऱ्यालाच दारातून परत पाठवले जावे, असा हा प्रकार आहे.

सर्व्हर इतके कठोर का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. बिनबोलावल्या जाहिरातींच्या पत्रांचा पूर आला आणि उदारतेचे सूत्र मागे पडले. खोटे नाव सांगणारी यंत्रे अभिवादनातच पकडता येतात हे चालकांच्या लक्षात आले आणि त्यांनी दारावर पहारे बसवले. नव्या पद्धतीच्या पत्त्यावरून थेट पत्रे पाठवणाऱ्या सर्व्हरकडे पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद असावीच, अशी अट गुगलसारख्या मोठ्या सेवादात्यांनी घातली. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ ने जुळणी न झाल्यामुळे पत्र नाकारू नये हा जुना नियम पुन्हा सांगितला. परंतु व्यवहार तोवर बराच पुढे गेला होता. सर्व्हर-सर्व्हरमधील वाहतुकीसाठी, म्हणजे २५ क्रमांकाच्या दारासाठी, हे पहारे समजण्यासारखे आहेत. वापरकर्त्याने पत्र दाखल करावयाचे दार मात्र वेगळे आहे. डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७६ ने त्यासाठी ५८७ हा क्रमांक दिला. तेथे वापरकर्ता परवलीच्या शब्दाने आपली ओळख पटवतो. ओळख अशी पटणार असेल, तर अभिवादनातील पत्त्याला पहारेकऱ्याने अवास्तव महत्त्व देण्याचे कारण उरत नाही.

६. दोषशोधन : एक साधनचिकित्सा

इतिहासाचा अभ्यासक साधनाचे बाह्य व अंतर्गत परीक्षण करतो. दोषसंदेश हेही एक साधनच आहे. आरंभीच्या प्रसंगात त्या साधनाचे वाचन झाले नाही, केवळ तर्क झाले. ते वाचन पुढील क्रमाने करता येते.

पहिला प्रश्न : संदेश कोणाचा? तो आपल्या प्रोग्रॅमने दिला की सर्व्हरने, हे प्रथम ठरवावे. तीन अंकी क्रमांक असल्यास तो सहसा सर्व्हरचा असतो. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर नकार कायमचा. ५०१ म्हणजे आज्ञेसोबत दिलेला तपशील रचनेत बसत नाही. परवलीचा शब्द चुकल्यास सहसा ५३५ येतो. एवढे वाचले असते तर परवलीचा शब्द बदलण्याचे श्रम वाचले असते.

दुसरा प्रश्न : नकार कोणत्या टप्प्यावर? येथे एक फसवी गोष्ट आहे. पोस्टफिक्ससारखी सर्व्हर-प्रणाली अभिवादनातील दोष लगेच न सांगता प्राप्तकर्त्याचे नाव येईपर्यंत थांबते, कारण नोंदवहीत पत्र कोणाचे व कोणासाठी याची पूर्ण नोंद राहावी असा तिचा हेतू असतो. परिणामी दोष अभिवादनाचा असूनही संदेशात प्राप्तकर्त्याचा पत्ता दिसतो आणि संशय त्याच्यावर जातो. दस्तऐवजावरील तारीख लिहिण्याची की मिळाल्याची, हे न पाहणाऱ्या अभ्यासकाची अशीच फसगत होते.

तिसरा प्रश्न : मार्ग कोणता? एकाच संगणकावरून एका जोडणीने पत्र जाते आणि दुसरीने जात नाही, हा सर्वांत मोलाचा पुरावा होय. दोन्ही पद्धती उपलब्ध असल्यास बहुतेक आधुनिक प्रोग्रॅम नव्या पद्धतीस अग्रक्रम देतात. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५५५ ने सुचवलेल्या रीतीने ते नवी वाट संथ असल्यास त्वरेने जुनीकडे वळतात. तथापि ही सोय जोडणी होईपर्यंतच कामी येते. जोडणी झाल्यानंतर अभिवादन नाकारले गेल्यास प्रोग्रॅम आपणहून दुसरी वाट सहसा धरत नाही. म्हणूनच संकेतस्थळे उघडतात आणि पत्र तेवढे अडते.

चौथा प्रश्न : अभिवादनात नेमके काय म्हटले गेले? प्रोग्रॅमची नोंदवही सुरू केल्यास ती ओळ वाचता येते. ‘आयपीव्ही६:’ ही खूण गळली आहे का, पत्त्याच्या शेवटी टक्केचिन्ह व जोडणीचे नाव चिकटले आहे का, किंवा पत्त्याऐवजी संगणकाचे एकेरी नाव जाते आहे का, हे पाहावे. कार्यालयातील संगणकांच्या नावांत पुष्कळदा अधोरेषा असते. अभिवादनाच्या नियमांत ती बसत नाही.

कारण सापडल्यावर उपाय सोपा असतो. थंडरबर्डमध्ये ‘हेलो आर्ग्युमेंट’ नावाची एक मांडणी आहे. तिच्यात योग्य रचनेचे नाव भरल्यास पत्त्याऐवजी ते नाव अभिवादनात जाते. यामुळे आपल्या संगणकाचा पत्ता पत्राच्या शीर्षनोंदीत उघड होण्याची शक्यताही कमी होते. २५ ऐवजी ५८७ चे दार वापरावे. सर्व्हर चालवणाऱ्यांनी ओळख पटलेल्या वापरकर्त्यास अभिवादनाच्या पडताळणीतून वगळावे. नवी पद्धती संगणकावर पूर्ण बंद करणे हा उपाय अनेकजण करतात. निदानासाठी तासभर तो ठीक आहे. परंतु कायमचा केल्यास ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत होते.

सदर महाविद्यालयाच्या बाबतीत नंतर नोंदवही पाहिली असता उलगडा झाला. सेवा पुरवणाऱ्या संस्थेने आपल्या सर्व्हरला नवा पत्ता दिला होता. मात्र अभिवादन तपासणारा नियम जुनाच राहिला होता. दार नवे बसवले, पण द्वारपालास नव्या पाहुण्यांची भाषा शिकवली नाही. ब्रॉडबँड जुन्या पत्त्याचे असल्याने हा दोष तोवर कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

७. निष्कर्ष

(१) अभिवादनाचा संकेत परस्परविश्वासाच्या काळात निर्माण झाला. त्याच्यावर ओळखपरेडीचे काम नंतर लादले गेले आणि ते काम तो नीट पार पाडू शकत नाही.

(२) प्रस्तुत प्रकरणातील दोष नव्या पद्धतीचा नव्हता आणि जुन्या पद्धतीचाही नव्हता. अर्धवट राहिलेल्या स्थित्यंतराचा तो दोष होता.

(३) दोषसंदेश हा पुरावा आहे. तो वाचण्यापूर्वी उपाय करणे म्हणजे साधन न पाहता इतिहास लिहिणे होय.

(४) अशा दोषाची झळ मुख्यतः त्यांना बसते, ज्यांच्याजवळ पर्यायी जोडणी, तंत्रज्ञ आणि वेळ नसतो. म्हणून महाविद्यालयांनी मुदतीच्या पत्रव्यवहाराची चाचणी दोन्ही जोडण्यांवर आधीच घ्यावी. स्वीकारणाऱ्या कार्यालयांनी तांत्रिक नकाराची नोंद ग्राह्य धरून मुदतीत सवलत द्यावी.

८. समारोप

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचा पत्ता म्हणजे कोणत्या तरी फडाशेजारची कोपी. या काळात त्यांच्या मुलांचे शिक्षण सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागली. पत्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही, हे जिल्ह्याने प्रत्येक हंगामात अनुभवले आहे. इंटरनेटच्या नव्या पद्धतीतही यंत्राचा पत्ता अनेकदा ठरावीक काळाने बदलत राहतो आणि त्याच्या मागे बसलेला लिपिक मात्र तोच असतो. दारात आलेल्यास त्याच्या मुक्कामावरून पारखावे की त्याने पटवलेल्या ओळखीवरून स्वीकारावे, हा प्रश्न यंत्रांपुरता मर्यादित नाही. राखून ठेवलेले ते निकाल पुढे जाहीर झाले. परंतु ज्यांचे प्रवेश हुकले त्यांचे एक वर्ष परत आले नाही. एका अभिवादनाची एवढी किंमत पुन्हा कोणास मोजावी लागू नये, एवढीच या लेखनामागील अपेक्षा आहे.